मेमो थकला तर लायसन्स जाणार का? बडोद्यातल्या गाडीवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दांडिया बाजारात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं छोटं दुकान आहे. मी वकील नाही. पण ई-मेमो (ट्रॅफिकच्या दंडाची ऑनलाइन नोटीस, म्हणजेच चलान) आला की माणूस वकिलाकडे जायच्या आधी माझ्या काउंटरवर येतो, मोबाइल पुढे करतो आणि विचारतो, "भाऊ, हे काय आलंय बघा." इतक्या वर्षांत त्याच त्या प्रश्नांची उत्तरं देऊन घसा बसला, म्हणून एकदाच लिहून काढतोय. जिथे माझं मत आहे तिथे ते मत म्हणूनच वाचा.

मेमो भरला नाही तर लायसन्स रद्द होतं का?

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यात लायसन्स निलंबित किंवा रद्द करायचा अधिकार आरटीओला कलम १९ ने दिलाय. त्यात कारणांची यादी आहे: सराईत गुन्हेगार, दारूडा, गुन्ह्यासाठी गाडी वापरणारा, लोकांना धोका होईल असं वागणारा, खोटी माहिती देऊन लायसन्स काढणारा वगैरे. "दंडाचे पैसे बाकी आहेत" असं कारण त्या कलमात लिहिलेलं नाही. म्हणजे कायद्याच्या मूळ रचनेत पैशाचा हिशेब एका वहीत आणि लायसन्सचा दुसऱ्या वहीत आहे.

पण म्हणून मेमो गादीखाली ठेवून झोपायचं असंही नाही. मुदत उलटली की गाडी पोर्टलवर अडकते. नाव बदलायचं, फिटनेस करायचं, गाडी विकायची, काहीही करायला गेलं की आधी चलान भरा म्हणून सांगतात.

मग लायसन्स नेमकं कशासाठी जातं?

२०१९ ला कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि १ सप्टेंबर २०१९ पासून दंड वाढले. त्याच वेळी कलम २०६ मध्ये एक नवं पोटकलम घातलं. अतिवेग, धोकादायक ड्रायव्हिंग, दारू पिऊन चालवणं, रस्त्यावर शर्यत, असुरक्षित गाडी, दुचाकीवर तिघे, हेल्मेट नाही, अँब्युलन्सला वाट न देणं, या गोष्टींत पोलीस लायसन्स ताब्यात घेऊन आरटीओकडे पाठवू शकतात. पहिल्या वेळी तीन महिने निलंबन, पुन्हा तेच केलं तर लायसन्स रद्द होण्यापर्यंत वेळ जाते. सिग्नल तोडणं आणि चालवताना मोबाइल धरणं हे "धोकादायक" मध्येच धरलंय.

त्याआधीही हा विचार होताच. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने सगळ्या राज्यांना कळवलं होतं की अतिवेग, सिग्नल तोडणं, दारू, मोबाइल, ओव्हरलोडिंग आणि मालगाडीत माणसं भरणं, यांसाठी किमान तीन महिने लायसन्स निलंबित करा.

लोकांना हमखास न कळणारी गोष्ट पुढे आहे. जागेवर पैसे भरून तडजोड केली, म्हणजे आपल्या भाषेत "पावती फाडली", तरी लायसन्सची कारवाई टळत नाही. कलम २०० मध्येच तसं लिहिलंय. पैसे भरले म्हणून लायसन्स वाचतं असं नाही, आणि भरले नाहीत म्हणून आपोआप जातं असंही नाही. मला हे बरोबर वाटतं. लायसन्स काढायचं ते माणूस रस्त्यावर धोक्याचा आहे म्हणून.

मग ही भीती आली कुठून?

२०२५ च्या मार्च अखेरीस वर्तमानपत्रांत बातमी आली की ई-चलान तीन महिने थकलं तर लायसन्स निलंबित करायचा विचार केंद्र सरकार करतंय. देशभरात चलानची वसुली चाळीस टक्क्यांच्या आसपासच आहे, असं कारण त्या बातमीत दिलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी सहा जण ओट्यावर बसलेले. त्यातले दोघे तर जुन्या स्कूटरचे मेमो घेऊन आले होते. स्कूटर भंगारात जाऊन वर्ष झालं होतं.

नियमांत फेरफार होत असतात, तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फॉरवर्डवर न जाता सरकारच्या परिवहन पोर्टलवर पाहायची सवय लावा. पण नियमाचा आकडा काहीही असो, हा मार्ग योग्य आहे का हा प्रश्न उरतोच.

चूक काय आहे त्यात? दंड झालाय तर भरायलाच हवा ना?

हवा. त्यावर माझं दुमत नाही. पण वसुलीसाठी लायसन्सवर हात टाकायचा का, यावर आहे.

गेल्या पावसाळ्यात एक रिक्षावाले काका आले. सकाळी शाळेची वर्धी (मुलांची ने-आण), दुपारनंतर स्टेशन. दुधाच्या धुतलेल्या पिशवीत कागद घालून आणले होते. पोर्टलवर नंबर टाकला तर अकरा मेमो. रक्कम साडेपाच हजार. काकांना त्यातल्या दोनांचाच पत्ता होता. रिक्षा त्यांनी जुनी घेतलेली, पोर्टलवर मोबाइल नंबर आधीच्या मालकाचा, आणि घरचा पत्ता शहरातल्या वाडी भागातला, जिथून ते मांजलपूरला जाऊन चार वर्षं झाली होती.

अकरापैकी सहा मेमो स्टॉप लाइनचे. मी फोटो मोठा करून दाखवला. पुढचं चाक पांढऱ्या पट्ट्याच्या वीतभर पुढे. काका चष्मा वर करून स्क्रीनला नाक लागेल इतके जवळ आले आणि म्हणाले, "भाऊ, हा पट्टा पावसात मला तर दिसला नाही. तुम्हाला दिसतोय का?" खरं सांगायचं तर मलाही शोधावा लागला.

आता या माणसाचं लायसन्स साडेपाच हजारांसाठी तीन महिने बंद करा. शाळेची वर्धी दुसऱ्याकडे जाईल, ती परत येत नाही. घरात पैसा यायचा बंद होईल. आणि दंड? तो तिथेच राहील. काकांचं म्हणणं एवढंच होतं: "भरतो की. पण रिक्षा चालवूनच भरणार ना?"

आपल्या कायद्याला हा विचार नवा नाही. १९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता काढून पाहा, कलम ६०. कर्ज बुडवलेल्या माणसाची मालमत्ता कोर्ट जप्त करू शकतं, पण कारागिराची हत्यारं जप्त करता येत नाहीत. शेतकऱ्याची अवजारं, पोट भरायला लागणारे बैल आणि बियाणं यांनाही हात लावता येत नाही. इंग्रजांच्या काळात केलेल्या कायद्याला इतकं कळत होतं की सुताराचा रंधा नेला तर सावकाराचे पैसेही बुडाले. ते कलम दिवाणी कर्जासाठी आहे, ट्रॅफिकच्या दंडाला थेट लागू होत नाही, हे मला माहीत आहे. पण रिक्षावाल्याचं, टेम्पोवाल्याचं, पार्सल पोचवणाऱ्या मुलाचं लायसन्स रंध्यापेक्षा वेगळं कसं, ते मला कोणी समजावून सांगावं.

लायसन्स निलंबित असताना चालवली तर काय होतं?

कलम १८२ प्रमाणे दहा हजार रुपये दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. शिवाय अपघात झाला तर विमा कंपनी आधी लायसन्स विचारते. स्वतःच्या गाडीचा क्लेम नाकारला जाऊ शकतो, आणि समोरच्याला द्यावी लागलेली भरपाई कंपनी नंतर तुमच्याकडून वसूल करू शकते.

म्हणजे साडेपाच हजारांची थकबाकी असलेला माणूस पोटासाठी रिक्षा काढतो, पकडला जातो आणि साडेपंधरा हजारांत जातो. चोर-पोलिसाचा खेळ सुरू होतो. आणि ज्याच्या लायसन्सला काही किंमतच उरली नाही, तो पुढे नूतनीकरणाच्याही भानगडीत पडत नाही.

अमेरिकेत हे कायदे बदलले म्हणतात. तिथे नक्की काय झालं?

तिथे वर्षानुवर्षं बहुतेक राज्यांत हाच रिवाज होता: ट्रॅफिकचा किंवा कोर्टाचा दंड थकला की लायसन्स निलंबित. अनेकदा माणसाची ऐपत कोणी विचारतच नसे. अमेरिकेचा बहुतेक भाग असा की गाडीशिवाय नोकरीवर पोचता येत नाही. आपल्यासारखी शटल रिक्षा कोपऱ्यावर उभी नसते. मग लोक निलंबित लायसन्सवरच चालवायचे, पकडले जायचे, पुन्हा दंड, त्यावर लायसन्स सोडवायची वेगळी फी.

मार्च २०१५ मध्ये तिथल्या केंद्रीय न्याय खात्याने मिसुरी राज्यातल्या फर्ग्युसन शहराचा अहवाल काढला. एका कृष्णवर्णीय तरुणाला पोलिसांनी गोळी घातल्यावर ते शहर पेटलं होतं. अहवालात निघालं की शहराचा कारभार दंडाच्या उत्पन्नाकडे डोळे लावून बसला होता, आणि पोलीस व कोर्ट त्याच कामाला जुंपले होते. त्यानंतर दंडवसुलीचा विषय देशभर ऐरणीवर आला.

कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये थकलेल्या दंडासाठी लायसन्स निलंबित करणं बंद केलं. टेक्ससमध्ये दंडावर आणखी वार्षिक अधिभार लावायची योजना होती, अधिभार थकला की लायसन्स गेलं. ती २०१९ मध्ये गुंडाळली. इलिनॉयने २०२० मध्ये केलेल्या कायद्याला नावच "कामाचं लायसन्स" अशा अर्थाचं दिलं आणि पार्किंगच्या थकबाकीसाठी होणारी निलंबनं थांबवली. न्यूयॉर्कच्या सुधारणा कायद्यावर ३१ डिसेंबर २०२० ला सही झाली. व्हर्जिनिया, मेरीलँड, वेस्ट व्हर्जिनिया, ओरेगन, हवाई यांनीही त्याच सुमारास पावलं टाकली. यात डेमोक्रॅट राज्यं होती आणि रिपब्लिकनही. एकाला गरिबाची काळजी, दुसऱ्याला माणूस कामावर जाऊन कर भरावा ही काळजी. कारणं वेगळी, सही एकाच कागदावर.

तिथल्या कोर्टांनी काय म्हटलं?

दोन जुने खटले सांगतो, कारण दोन्ही अगदी आपल्या गल्लीत घडल्यासारखे आहेत.

पहिला १९७१ चा, बेल विरुद्ध बर्सन. जॉर्जियातला एक पाद्री, तीन खेड्यांतल्या चर्चचं काम गाडीने फिरून करणारा. १९६८ मध्ये पाच वर्षांची एक मुलगी सायकलवरून त्याच्या गाडीवर येऊन आदळली. त्याच्याकडे विमा नव्हता. पाच हजार डॉलरची हमी भर, नाहीतर लायसन्स जमा कर, असा हुकूम निघाला. चूक माझी नव्हतीच, हे सांगायला तो गेला तर ऐकूनच घेईनात. सुप्रीम कोर्ट म्हणालं, एकदा दिलेलं लायसन्स माणसाच्या रोजीरोटीचा आधार बनू शकतं; आधी त्याचं म्हणणं ऐका, मग काढून घ्या.

दुसरा १९८३ चा, बेअर्डन विरुद्ध जॉर्जिया. पाचशे डॉलर दंड आणि अडीचशे डॉलर भरपाई. गड्याने आईवडिलांकडून उसने घेऊन दोनशे भरले, मग त्याची नोकरी गेली. वाचता येत नव्हतं, दुसरं काम मिळेना. बाकीचे पैसे थकले म्हणून थेट तुरुंग. कोर्टाने सांगितलं की पैसे असून भरत नाही, की नाहीतच म्हणून भरत नाही, याची चौकशी केल्याशिवाय आत टाकता येणार नाही. माझ्या मते या सगळ्या विषयाची किल्ली या एका चौकशीत आहे.

पण कोर्टांवर सगळं सोडून भागलं नाही. २०१८ मध्ये टेनेसीतल्या केंद्रीय न्यायालयाने गरिबाचं लायसन्स थकबाकीसाठी काढणं घटनाबाह्य ठरवलं, आणि पुढच्याच वर्षी वरच्या अपील न्यायालयाने मिशिगनच्या तशाच कायद्याला मान्यता दिली. मिशिगनचा कायदा शेवटी बदलला तो तिथल्या विधिमंडळाने. आपल्याकडेही हे काम कोर्टाच्या पायऱ्यांवर कमी आणि दिल्ली-गांधीनगरला जास्त आहे.

मेमो मालकाच्या नावावर येतो. गाडी दुसरा चालवत असेल तर?

कॅमेरा नंबर प्लेट वाचतो, चेहरा नाही. मेमो जातो आरसी बुकावरच्या नावाला. पोलिसांनी विचारलं तर गाडी कोण चालवत होतं हे सांगायची जबाबदारी कलम १३३ प्रमाणे मालकाची. भाड्याने रिक्षा देणाऱ्या मालकाला ते सांगता येतं. घरात एकच अ‍ॅक्टिव्हा असेल आणि ती सासू, सून, कॉलेजातली नात अशा तिघी चालवत असतील तर सांगून पाहा!

थकबाकीसाठी लायसन्स काढायचं म्हटलं की हा घोळ अजून वाढतो. लायसन्स कोणाचं काढणार? मालकाचं, ज्याने कदाचित वर्षभर स्टिअरिंगला हात लावला नाही? काही मालकांकडे तर लायसन्सच नसतं. आणि कंपनीच्या नावावर असलेल्या गाडीचं काय?

पाचशे रुपये दंड सगळ्यांना सारखाच, मग त्यात अन्याय कसला?

अलकापुरीत कारमधून उतरून पाचशे देणारा आणि प्रतापनगरला सायकलच्या दुकानात काम करून मोपेडवर घरी जाणारा, दोघांना पाचशे सारखे नाहीत, एवढंच. गुजरात सरकारला २०१९ मध्येच हे थोडं जाणवलं असावं. केंद्राने हेल्मेटसाठी हजार रुपये ठरवले, तर सप्टेंबर २०१९ मध्ये इथे ते पाचशेवर आणले. कमी केले ते सरसकट, अलकापुरीलाही आणि प्रतापनगरलाही.

फिनलंडने १९२१ पासून दुसरी वाट धरली आहे. तिथे मोठ्या गुन्ह्याचा दंड रुपयांत ठरत नाही, "किती दिवसांची कमाई" अशा हिशेबाने ठरतो. २००२ मध्ये नोकिया कंपनीच्या एका बड्या अधिकाऱ्याला मोटारसायकल जोरात चालवल्याबद्दल १,१६,००० युरोचा दंड झाला होता. पुढे तो कमी झाला, पण जगभर बातमी झाली. जर्मनीतही १९७५ पासून फौजदारी दंडाला हीच पद्धत आहे. आपल्याकडे अर्ध्या लोकांचं उत्पन्न कागदावरच नाही, त्यामुळे हे जसंच्या तसं इथे चालणार नाही. रेशनकार्डाचा रंग पाहून सवलत द्यायला मात्र काय हरकत आहे?

जाता जाता एक आठवलं. सयाजीरावांनी सक्तीचं शिक्षण १८९३ मध्ये अमरेलीत आणि १९०६ पासून सबंध राज्यात आणलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या बापाला त्या कायद्यात दंड होता. हेतू मूल शाळेत यावं हा. सिग्नलच्या दंडाचाही हेतू गाडी पट्ट्याच्या मागे थांबावी हाच असायला हवा. त्यासाठी आधी पट्टा रंगवावा लागतो.

मग मुद्दाम थकवणाऱ्यांना सोडून द्यायचं?

अजिबात नाही. माझ्याच दुकानात एक साहेब आलेले, मोठी पांढरी गाडी, चाळीसच्या वर मेमो, आणि हसत म्हणाले, "विकताना बघू." अशा माणसासाठी गाडी पोर्टलवर अडकवणं हेच औषध. ती विकता येत नाही, नावावर करता येत नाही. त्याला ते बरोबर लागतं.

गोम अशी आहे की तेच औषध रिक्षावाल्याला विषासारखं लागतं. त्याचं फिटनेस अडलं की रिक्षा रस्त्यावर आणता येत नाही. लायसन्सला कोणी हात लावला नाही तरी धंदा बंदच. म्हणून नुसतं "लायसन्स नका काढू" म्हणून भागत नाही. पोट भरायच्या गाडीला वेगळा दरवाजा हवा: थकबाकीचा पहिला हप्ता भरला की फिटनेस मोकळं.

फौजदारी कोर्टाने ठोठावलेल्या दंडासाठी जप्तीचं वॉरंट काढता येतं, कलेक्टरमार्फत महसुलाच्या थकबाकीसारखी वसुलीही करता येते. समाजसेवेची सोय २०१९ च्या दुरुस्तीने कलम २०० मध्ये आहे आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही काही किरकोळ गुन्ह्यांसाठी आहे. ज्याच्याकडे पैसे नाहीत पण रविवार आहे, त्याला कालाघोडा सर्कलवर चार तास ट्रॅफिक सांभाळायला उभं करा. पट्ट्याच्या वीतभर पुढे उभं राहण्यात काय धोका आहे, ते त्याला तिथे आपोआप कळेल.

कोर्ट हप्ते देतं का?

जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४२४ मध्ये ही सोय होती आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही ती राहिली आहे. फक्त दंडाची शिक्षा झाली आणि लगेच भरता आली नाही, तर कोर्ट तीस दिवसांपर्यंत मुदत देऊ शकतं, किंवा दोन-तीन हप्ते पाडून देऊ शकतं. मागावं लागतं, आपोआप मिळत नाही. बहुतेकांना मागायचं असतं हेच ठाऊक नसतं.

पोर्टलवर एका मेमोचे हप्ते होत नाहीत. पण प्रत्येक मेमो वेगळा भरता येतो. त्या काकांचं आम्ही तेच केलं: आधी व्हर्च्युअल कोर्टात (ऑनलाइन चालणारं कोर्ट) जायच्या बेतात असलेले, मग बाकीचे, महिन्याला दोन. सहाव्या महिन्यात पिशवी रिकामी. प्रत्येक पावतीची झेरॉक्स ते मागत, आणि मी कधी पैसे घेतले नाहीत. तेवढं चालतं.

लोक अदालतीत मेमो कमी होतो का?

राष्ट्रीय लोक अदालत वर्षातून साधारण चार वेळा भरते आणि तिथे ट्रॅफिकची प्रकरणं बरीच निघतात. तिथला निकाल अंतिम असतो, त्यावर अपील नाही, हे मनात ठेवून जा. रक्कम किती कमी होईल याची हमी कोणी देत असेल तर तो दलाल आहे असं समजा. पूर्वी न्यायमंदिरात जायची सवय असलेल्यांनी लक्षात ठेवा, जिल्हा कोर्ट आता दिवाळीपुऱ्याला आहे. दरवेळी दोन-चार मंडळी सुरसागरजवळच्या त्या जुन्या इमारतीला चक्कर मारून परत येतात.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि ठरलेल्या मर्यादेखाली उत्पन्न असलेल्यांना तिथे मोफत वकील मिळतो.

जुना मेमो आपोआप बाद होतो का?

अर्धसत्य. ज्या गुन्ह्याला फक्त दंडाचीच शिक्षा आहे, त्याची दखल सहा महिने उलटल्यावर कोर्टाला एरवी घेता येत नाही, असा मुदतीचा नियम आहे. न्यायाच्या दृष्टीने गरज वाटली तर कोर्ट उशीर माफही करू शकतं. पण मेमो आधीच कोर्टात गेला असेल तर मुदतीचा मुद्दा संपला. आणि पोर्टलवरचा आकडा स्वतःहून पुसला जात नाही. गाडी विकायच्या दिवशी तो पुन्हा समोर उभा राहतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर मेमो आलाय, सोबत फाइल आहे. उघडू का?

नको! "आरटीओ चलान" नावाची एपीके फाइल उघडली की मोबाइल दुसऱ्याच्या ताब्यात आणि बँकेतले पैसे गायब. खरा मेमो पाहायचा तर परिवहनच्या ई-चलान पोर्टलवर स्वतः जा, गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे आकडे टाका. फोटो दिसला तर खरा.

आरटीओकडून लायसन्स निलंबनाची नोटीस आली. आता?

घाबरून एजंट गाठू नका. कलम १९ प्रमाणे निलंबित करण्याआधी तुमचं म्हणणं ऐकणं आरटीओला बंधनकारक आहे. ठरल्या तारखेला स्वतः दरजीपुऱ्याच्या आरटीओत जा, लेखी उत्तर द्या, त्याची पोच घ्या. गाडी तुम्ही चालवत नव्हता, फोटोतली गाडीच तुमची नाही, किंवा दंड आधीच भरलाय, तर पुरावा जोडा. हुकूम विरुद्ध गेला तर अपिलाला तीस दिवस असतात. जुना पत्ता असल्यामुळे नोटीस मिळालीच नाही, हे कारण सिद्ध करणं फार कठीण जातं, म्हणून पत्ता आणि मोबाइल नंबर आजच बदलून घ्या.

रस्त्यावर इतकी माणसं मरतात, आणि तुम्ही गाडीवाल्यांची बाजू घेताय?

२०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. माझा शाळेतला मित्र हायवेवर गेला, हेल्मेट हँडलला लटकवलेलं होतं. दारू पिऊन चालवणाऱ्याचं, उलट्या बाजूने ट्रक घालणाऱ्याचं लायसन्स तीन महिने काय, कायमचं काढा. त्याचा खिसा भरलेला असो की रिकामा. थकबाकीसाठी सरसकट निलंबनं सुरू झाली तर आरटीओच्या टेबलावर स्टॉप लाइनवाल्यांच्या फायलींचा ढीग लागेल आणि या धोकादायक चालकांच्या फायली त्याच्या तळाशी जातील, ही माझी खरी भीती आहे.

कायदा करायचाच तर तुमच्या मते कसा?

एक तर धोका आणि उधारी या दोन वह्या वेगळ्याच ठेवाव्यात. कायद्याच्या मूळ रचनेत त्या वेगळ्या आहेत, त्या एकत्र करू नयेत. निलंबनाच्या आधी "भरू शकत नाही की भरत नाही" ही चौकशी सक्तीची करावी, आणि ती एका पानाच्या अर्जावर व्हावी. पोर्टलवर हप्त्याचं बटण द्यावं. वीज बिलाची थकबाकी हप्त्याने घेता येते तर मेमोची का नाही? नोटीस गुजरातीत यावी, मोठ्या अक्षरांत यावी आणि नुसत्या मेसेजवर न भागवता एकदा तरी पोस्टाने घरी यावी. (आमच्या आईला गुजराती अस्खलित वाचता येतं, पण मोबाइलवरचा लाल त्रिकोण दिसला की ती फोनच उलटा ठेवते.) गाडी विकली की जुने मेमो जुन्या मालकाच्या मागे जावेत. आणि लायसन्स परत द्यायची वेगळी फी नसावी.

दुकानात येताना काय आणायचं?

आरसी बुक, लायसन्स, आधारला जोडलेला मोबाइल चालू अवस्थेत, आणि चष्मा. सोमवारी सकाळी येऊ नका, सर्व्हर चालत नाही.